इस्केमियाचा प्रोजेक्ट आणि संमतीपत्रक (माझा अनुभव)

एमटेकला विषय घेतला होता हृदयाच्या विजेचा नकाशा. छातीपाठीवर ६४ इलेक्ट्रोड लावायचे आणि कुठे रक्त कमी पडतंय (म्हणजेच इस्केमिया) ते कॉम्प्युटरने पॅटर्नवरून ओळखायचं, कारण हृदयाच्या मागच्या भिंतीचा त्रास नेहमीच्या बारा लीडच्या, म्हणजे बारा रेघांच्या, ईसीजीत कधीकधी दिसतच नाही. बजेट बघून सर म्हणाले, हॉस्पिटलातले जुने ईसीजी घे आणि त्यावरच कर. कोड दोन आठवड्यांत झाला, जीव गेला तो संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीत.

ईसीजी जुने, नावं काढलेले, तरी ऑफिसातल्या मॅडमना मराठी संमतीपत्रक हवं. म्हटलं मॅडम, पेशंट तीन वर्षांपूर्वी घरी गेले, सही कुणाची घेऊ? "फॉरमॅटमध्ये आहे ना, मग द्या." दिलं. मग त्याचं उलट इंग्रजी भाषांतर, तेही दिलं. मग मीटिंग दोनदा रद्द, कारण कोरमला (मीटिंग धरायला) कमीत कमी पाच जण लागतात आणि त्यात डॉक्टर नसलेला एक तरी पाहिजेच, आणि आमचे ते काका एकदा लग्नाला, एकदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. तिसऱ्यांदा झाली तर अध्यक्ष पहिल्याच मिनिटाला म्हणतात, जुनं रेकॉर्ड आहे तर संमतीतून सूट मागणारं पत्र का नाही जोडलं? एक पानाचं पत्र! सव्वातीन महिने! मॅडम शांतपणे फाईलची नाडी बांधत होत्या. तुम्ही ही सूट (वेव्हर) पहिल्याच दिवशी मागा.

आणि रेकॉर्डरूममध्ये बघतो तर निम्मे ईसीजी थर्मल पेपरवरचे, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये राहून उडालेले. एकावर व्ही३ या एका लीडची फिकट रेघ तेवढी उरलेली.

शेवटी फिजिओनेट या वेबसाइटवरचा स्टाफ-३ नावाचा ईसीजीचा डेटा घेतला, फुकट आहे. १०४ पेशंट, अँजिओप्लास्टीत बलून फुगवून नस काही मिनिटं बंद केलेली, त्याच्या आधीचा आणि त्या वेळचा ईसीजी, म्हणजे इस्केमिया कधी सुरू झाला ते नक्की माहीत. कुणी आधी सांगितलं असतं तर!

अरे हो, बेसलाइन (ईसीजीची वरखाली हलणारी मूळ रेघ) सरळ करायला ०.५ हर्ट्झचा साधा फिल्टर लावू नका, इस्केमिया जिथे दिसतो तो एसटीचा तुकडाच वाकडा होतो, ०.०५ वापरा. आणि एकाच पेशंटच्या ईसीजीचे तुकडे ट्रेन (शिकवायचा डेटा) आणि टेस्ट (तपासायचा डेटा) दोन्हीकडे जाऊ देऊ नका, तसं झाल्याने माझी अ‍ॅक्युरसी खोटीच ९८ टक्के आली होती, पेढे आणायचेच बाकी होते.

काल मॅडमचा फोन, प्रोग्रेस रिपोर्ट राहिलाय. त्यात 'घेतलेली संमतीपत्रके' असा रकाना आहे. शून्य लिहिलं तर फॉर्म परत येतो म्हणाल्या.