खिडकी उघडू का, केन?

इथे आल्यापासून मी केसांना तेल लावणं सोडलंय. आई फोनवर म्हणते, "इंग्लंडला जाऊन नखरे शिकलीस." नखरे कसले! तेलकट केसांत सिगरेटचा वास असा मुरतो की दोनदा शांपू केला तरी रात्री उशीला येतो.

डर्बीत मी डॉमिसिलरी केअरर आहे. आपल्याकडे आजारी माणसाचं करायला ब्युरोतून मावशी येतात ना, तेच काम. फक्त एका घरी दिवसभर नाही, दिवसाला दहा-बारा घरं. प्रत्येक फेरीला इथे 'कॉल' म्हणतात: पंधरा मिनिटांचा, अर्ध्या तासाचा, नशीब असेल तर पाऊण तासाचा. दाराबाहेर भिंतीवर आकड्यांची पेटी असते, तिच्यातून किल्ली काढायची, ॲपवर वेळ टाकायची, हातमोजे चढवायचे, लागायचं कामाला. मिरजेत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून वॉर्डात काढलेली वर्षं इथे आंघोळ घालण्यात, कमोड धुण्यात आणि बीन्स गरम करण्यात उपयोगी पडतात. त्यावर पुन्हा कधीतरी.

सकाळचा साडेसातचा कॉल केनचा (नाव बदललंय). तोंडावर 'केन', कारण इथे तशीच पद्धत. मनात मात्र आजोबा. आयुष्य रेल्वेच्या कारखान्यात गेलेलं. आता पाय सुजलेले, दिवसरात्र रिक्लायनरमध्ये. मांडीवर तंबाखूचा डबा आणि कागद, दिवसभर हाताने वळलेल्या सिगरेटी. घर तापवायचा गॅस महाग, म्हणून ऑक्टोबरपासून खिडक्या घट्ट बंद. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या टीव्हीवरून ओलं फडकं फिरवलं, तर ते कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं. मी पुन्हा धुतलं, पुन्हा पुसलं, पुन्हा तोच रंग. तेव्हा लक्षात आलं की रोज पाऊण तास मी हेच आत घेतेय.

"गुड मॉर्निंग, मी डक," म्हणतात ते. या भागात प्रेमाने सगळ्यांनाच 'मी डक', म्हणजे 'माझं बदक', म्हणतात. आता अशा माणसाला सांगायचं कसं, की बाबा, तुझ्याच घरात सिगरेट ओढू नकोस?

मला वाटायचं, या देशात त्याचा काहीतरी कायदा असणारच. आहे. १ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये पब, ऑफिस, कारखाना, अगदी कंपनीच्या गाडीतसुद्धा सिगरेट बंद. राहत्या घराचा एखादा भाग फक्त कामासाठी वापरात असेल आणि तिथे बाहेरची माणसं येत असतील, तर त्या भागालाही बंदी लागू होते. पण नियमातच पुढे सूट दिलीय: घरात राहणाऱ्याची शुश्रूषा, घरकाम, दुरुस्ती असल्या कामांना हे लागू नाही. म्हणजे पबमध्ये बिअर ओतणाऱ्या पोरीची फुप्फुसं कायद्याला दिसली, आणि त्याच पबच्या जुन्या गिऱ्हाइकाचे पाय धुणारी मी दिसले नाही. डेन्मार्कने त्याच वर्षी कायदा केला, त्यात मदतनीस घरात असेपर्यंत सिगरेट ओढू नका अशी अट नगरपालिका घालू शकते. इथे उरतं ते नोकरी देणाऱ्या मालकावर: कामगाराच्या तब्येतीची काळजी घेणं हे १९७४ च्या कायद्याने त्याच्यावर बंधन आहे. कागदावर.

नोव्हेंबरात माझा खोकला थांबेना. ऑफिसला फोन केला. आमच्या ड्यूट्यांचा रोटा लावणारी गोड आवाजात म्हणाली, "त्यांचं घर आहे, त्यांची मर्जी. हवं तर तू बोलून बघ."

हे 'तू बोलून बघ' मला अजून सलतं. माझा व्हिसा या एजन्सीच्या स्पॉन्सरशिपवर आहे. ती गेली की दुसरा स्पॉन्सर शोधायला साठ दिवस. जुलै २०२५ पासून बाहेरून नवे केअरर आणणंच बंद झालंय, त्यामुळे इथल्या आम्ही बायका फारच जपून तोंड उघडतो. क्लायंट रागावला, तक्रार केली, कॉल गेले, तास कमी झाले: एवढी साखळी डोक्यात फिरते आणि आपण नुसतंच विचारतो, "खिडकी उघडू का, केन?" ते म्हणतात, "थंडी आहे, डक." संपलं.

सुटका झाली ती भलत्याच वाटेने. त्यांच्या पायांना मी रोज मलम चोळते. अशी मलमं कपड्यात मुरली की ठिणगीने कपडा भडकतो, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये बजावलेलं. एकदा रिक्लायनरच्या हातावर जळलेलं भोक दिसलं. फोटो काढून ॲपवर टाकला. त्याच दुपारी मॅनेजरचा फोन! आगीसाठी फॉर्म आहे, धुरासाठी नव्हता. अग्निशमन दलाची माणसं येऊन अलार्म बसवून गेली, आणि मॅनेजरच्या सहीचं पत्र केनला गेलं: केअरर यायच्या तासभर आधीपासून सिगरेट नको, खिडकी उघडी ठेवा, कर्मचारी असताना अजिबात नको. तासभर अशासाठी, की सिगरेट विझली तरी बारीक कण हवेत रेंगाळतात, दारात मला बघून विझवण्यात अर्थ नसतो. असं पत्र इथे कित्येक एजन्स्या पहिल्याच दिवशी देतात म्हणे.

पत्र वाचून केन काय म्हणाले? "हे तू आधी का नाही बोललीस?"

मी काहीच बोलले नाही.

दिवसाला चार कॉल, म्हणजे त्यांचे चार तास गेले, तेही एकट्या माणसाचे. मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण पत्र मॅनेजरचं होतं, म्हणून मी अजून 'मी डक' आहे. पुण्या-मुंबईत ब्युरोच्या मावशींना असं पत्र कोण देतं? आजोबांची विडी चालू असताना त्यांना नुसतंच खोकावं लागतं.

परवा गेले तर खिडकी सताड उघडी, हीटर बंद, आणि आजोबा कानटोपी घालून, दोन ब्लँकेटांत. तोंडातून वाफ निघत होती.

"सहा वाजल्यापासून गोठतोय तुझ्यापायी," म्हणाले.

मी आधी खिडकी लावली, मग गरम पाण्याची पिशवी भरायला किटली ठेवली. ॲपवर वेळ टाकायची राहिलीच.