डब्यातल्या दाण्यांचा हिशेब

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये केलेल्या रक्ततपासणीत माझे एचबीएवनसी, म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा अंदाज देणारे प्रमाण, ६.१ टक्के निघाले. ५.७ ते ६.४ या पट्ट्यातील माणसाला मधुमेह झालेला नसतो, पण तो उंबरठ्यावर उभा असतो, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले आणि गोळी न देता वजन उतरवण्यास सांगितले. त्या वेळी माझे वय ४७, वजन ७३ किलो आणि नोकरी पतसंस्थेत, म्हणजे दिवसाचे आठ तास खुर्चीत. मग आहारतज्ज्ञांकडून एक तक्ता आला आणि तो फ्रिजच्या दारावर चिकटला.

तक्ता कडक होता. भात, साखर, गूळ, मैदा आणि बटाटा पूर्ण बंद. दुपारी एकच भाकरी, भाजी आणि ताक. रात्री धान्याचा कणही नाही, फक्त भाजी आणि पनीर किंवा मुगाचे पातळ वरण. ज्या जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या जिल्ह्यात राहून रात्रीची भाकरी सोडायची, ही गोष्ट माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटली नाही. "भाकरी नाही म्हणजे जेवलीस कशाला म्हणायचं गं?" असे त्या पहिल्या आठवड्यात रोज विचारत. मला मात्र त्या तक्त्याची शेवटची ओळ आधार वाटत होती: मधल्या वेळेत भूक लागल्यास भाजके शेंगदाणे, फुटाणे, मखाणे किंवा बदाम, एक मूठ.

पहिल्या दीड महिन्यात अडीच किलो उतरले. नंतर काटा थांबला, आणि डिसेंबरच्या अखेरीस तो सव्वा किलोने वर सरकला. मी तक्त्याबाहेरचा एक घासही खाल्ला नव्हता. कार्यालयात वाढदिवसाचा केक फिरला तेव्हा हात मागे घेतला होता, दिवाळीत करंजीचा तुकडाही तोडला नव्हता, आणि तरीही वजन वाढले याचा अर्थ माझ्या शरीरातच काही बिघाड असावा, अशी माझी जवळजवळ खात्री झाली. मी थायरॉइडची तपासणीही करून घेतली. ती निर्दोष निघाली, तेव्हा मला आनंद होण्याऐवजी थोडी निराशाच झाली, हे येथे कबूल करायला हरकत नाही.

उलगडा झाला तो वाणसामानाच्या यादीमुळे. आमच्याकडे दाणे एका जुन्या स्टीलच्या डब्यात असतात. त्यात अर्धा किलो बरोबर मावतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुलगा म्हणाला, "आई, दाणे परत संपले? मी तर सोमवारी आणले होते." तो दिवस शुक्रवार होता. मुलगा दाण्यांना हात लावत नाही, नवऱ्याला दाण्यांनी पित्त होते आणि सासूबाईंना दातांमुळे फक्त कूट चालते, तेही चमचाभर. पतसंस्थेत इतरांच्या खात्यातील चार रुपयांची तफावत शोधण्यात माझी हयात गेली आहे. घरच्या डब्यातील तफावत कुणाच्या नावावर टाकायची, हे समजायला मला एक मिनिटही लागले नाही.

मग मी बसून नीट हिशेब मांडला. अर्धा किलो चार दिवसांत, म्हणजे दिवसाला १२५ ग्रॅम. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण ५६५ कॅलरी असतात, कारण त्यांचे जवळजवळ निम्मे वजन तेलाचेच असते. म्हणजे मी रोज सातशे कॅलरींचे दाणे खात होते. आमच्या घरची एक भाकरी सुमारे ७० ग्रॅम पिठाची होते आणि तिच्यात २४० कॅलरींच्या आसपास ऊर्जा असते. मोठ्या निग्रहाने मी रात्रीची एक भाकरी आणि वाटीभर भात सोडला होता आणि त्या बदल्यात जवळजवळ तीन भाकऱ्या उभ्या उभ्या, ओट्यापाशी, ताट न घेता खाल्ल्या होत्या.

"एक मूठ" हे माप किती फसवे आहे, तेही त्याच दिवशी वजनकाट्यावर पाहिले. माझी मूठ २५ ग्रॅमची भरली. मूठ मोठी होती हा दोष नव्हताच. ती दिवसातून किती वेळा भरली जाते, याची नोंद कुठेच होत नव्हती. पोळीला पोळपाट लागतो, भाताला पातेले लागते, दाण्यांना फक्त झाकण उघडावे लागते. कचेरीतून आल्यावर चपला काढल्या की एक मूठ, चहा उकळेपर्यंत एक, भाजी चिरताना एक, आणि रात्री जेवणानंतर भांडी आवरताना, जेव्हा खरी भूक नसते पण काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते, तेव्हा दोन.

आपल्याकडे "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण उगीच नाही. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात असल्यामुळे आषाढी-कार्तिकी दोन्ही घरात कडक पाळल्या जातात, आणि त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वरईचा भात, बटाट्याचा कीस आणि शेंगदाण्याचे लाडू यांची जी रांग लागते, ती इतर कोणत्याही दिवशी लागत नाही. जे चालते ते चालतेच, अशी मनाची धारणा झाली की किती चालते हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझा तक्ता म्हणजे रोजची एकादशी झाली होती.

याबद्दल वाचताना मला दोन गोष्टी फार उपयोगी वाटल्या. पहिली म्हणजे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अँसेल कीज यांनी ३६ तरुणांवर केलेला उपासमारीचा प्रयोग. त्यांना सहा महिने दिवसाला सरासरी १,५७० कॅलरींच्या आसपास अन्न दिले गेले. धडधाकट पुरुषांच्या मानाने ते फार कमी होते. ती माणसे दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तके वाचू लागली, आणि ज्या गोष्टींवर बंदी नव्हती, म्हणजे चहा, कॉफी आणि च्युइंगगम, त्यांचा त्यांनी एवढा सपाटा लावला की शेवटी त्यांवरही मर्यादा घालावी लागली. माझी अवस्था त्यांच्याइतकी बिकट अर्थातच नव्हती, पण च्युइंगगमच्या जागी मला माझा स्टीलचा डबा स्पष्ट दिसला. दुसरी गोष्ट २००९ सालच्या एका कॅनडातील अभ्यासाची. एकाच प्रकारची ओटची बिस्किटे काही जणींना पौष्टिक म्हणून आणि काहींना चैनीचा गोड पदार्थ म्हणून दिली, तेव्हा पौष्टिक समजणाऱ्यांनी ती सुमारे ३५ टक्के जास्त खाल्ली. बिस्किट तेच, चव तीच, फक्त त्याच्याबद्दलची समजूत वेगळी.

"पौष्टिक" या एका शब्दाने माझ्याकडून आणखी काय काय खाऊन घेतले, ते आठवले की हसू येते. साखर नसलेले म्हणून आणलेले खजुराचे लाडू हे त्यातील सर्वांत मोठे प्रकरण. १०० ग्रॅम खजुरात ६० ग्रॅमहून अधिक साखर असते, ती फक्त पिशवीतून न येता झाडावरून आलेली असते एवढेच. त्याखालोखाल आमची कडक भाकरी. ज्वारीची, तेल नाही, मैदा नाही, आणि पापडासारखी पातळ, म्हणून ती मला भाकरी वाटतच नव्हती. संगणकासमोर बसून मी एका दुपारी तीन संपवल्या होत्या. ओल्या भाकरीत पाणी असते, ते पोटात जागा घेते, आणि भाकरी संपवायला कालवण लागते, बसावे लागते. कडक भाकरीतील पाणी उडून गेलेले असते, पीठ मात्र सगळे तसेच राहते. शेंगाचटणीबद्दल तर काय सांगावे! उखळात लाल तिखट, लसूण आणि जिरे घालून कुटल्यामुळे तिला तेल सुटलेले असते, आणि तक्त्यात भाकरी नसली तरी चटणीवर बंदी नव्हती, म्हणून मी ती काकडीच्या फोडीवर थापून खात असे. काकडी ही केवळ चमच्याच्या कामाची होती.

हिशेब कळल्यावर मी तेच केले जे बहुतेक जण करतील: डबा घरातून हद्दपार केला. तीन दिवस टिकले. चौथ्या दिवशी एका बारशाला गेले, तिथे पुढ्यात आलेल्या वाटीतील दोन काजू तोंडात टाकले, आणि "आता मोडलाच आहे नियम" या एका विचारासरशी वाटी संपवून जिलेबीपर्यंत पोहोचले. आहारावर सतत लगाम ठेवणाऱ्या लोकांमध्ये ही वृत्ती १९७५ सालीच प्रयोगात आढळली होती. आधी मिल्कशेक प्यायला लावला तर बाकीचे लोक नंतर आइस्क्रीम कमी खात. लगाम ठेवणारे मात्र अधिक खात, कारण त्यांच्या मते दिवस वाया गेलेलाच असे. मनोनिग्रह जेवढा ताणलेला, तेवढा तो तुटल्यावर आवाज मोठा.

तेव्हा मी आहारतज्ज्ञांकडे परत गेले आणि डब्याचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी रागावण्याऐवजी एकच प्रश्न विचारला: संध्याकाळी पाच वाजता तुम्हाला काय होते? मला त्या वेळी खरीखुरी, पोटातून उठणारी भूक लागते, हात थरथरावेत इतकी, हे मी कधी कुणाला सांगितलेच नव्हते, कारण भूक लागणे म्हणजे आहार नीट चालला असल्याची खूण, अशी माझी समजूत होती. दुपारी साडेबाराला एक भाकरी आणि रात्री आठला भाजी, यांमधल्या साडेसात तासांचा सगळा भार मुठीने उचलायचा, ही रचनाच चुकीची होती. रात्रीची भाकरी परत आली. एक पूर्ण नाही, पाऊण. सोबत उसळ किंवा पिठले. (साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळांत असे फेरफार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत, साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि लपून खाणे, नंतर स्वतःची घृणा वाटणे असे वारंवार होत असेल, तर तो हिशेबाचा विषय राहत नाही, तेथे जाणकाराची मदतच घ्यावी.)

भाकरी परत आल्यावर पहिल्या आठवड्यातच रात्रीच्या त्या दोन मुठी आपोआप गळून पडल्या. पाचच्या मुठीचे काय करायचे, याचे उत्तर सासूबाईंकडून आले. त्या रविवारी त्यांनी बाजारातून सोललेल्या दाण्यांऐवजी वाळलेल्या शेंगा आणवल्या, कढईत खरपूस भाजल्या आणि माझ्यापुढे वाटी ठेवून म्हणाल्या, "फोडून खा. फुकटचं किती खायलीस बघ की."

त्या वाक्यात "फुकटचं" या शब्दाचा अर्थ मला दोन दिवसांनी कळला. पंचवीस शेंगा फोडायला मला दहा-बारा मिनिटे लागतात. अंगठ्याने शिवण दाबायची, टरफल कडकन उघडते, आतले दोन दाणे तळहातावर चोळायचे, लाल साल फुंकरीने उडवायची, एखादा पोचट निघाला तर बाजूला ठेवायचा. पन्नासएक दाणे होतात, वजनाने साधारण पंचवीस ग्रॅम, म्हणजे १४० कॅलरी. तेवढ्या वेळात सोललेले दाणे मी तिप्पट संपवले असते. शिवाय शेजारी टरफलांचा ढीग साचत जातो, आणि तो ढीग खोटे बोलत नाही. मुठींची आठवण राहत नाही, टरफले मात्र समोर पडून असतात. फुटाण्यांना टरफल नसल्यामुळे ते आता वाटीत मोजूनच घेते, आणि मखाण्यांना मी सरळ रजा दिली. तुपात परतल्याशिवाय ते मला कापूस चावल्यासारखे लागतात, आणि तूप घालायचे तर मग दाणे काय वाईट होते?

जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आणि हुरड्याचे दिवस जोडीने आले. नातेवाइकांच्या शेतात हुरड्याला जाताना मी पूर्वी ठरवले असते की फक्त ताक पिऊन परत यायचे. या वेळी ते ठरवले नाही. आगटीभोवती बसून गरम कणीस हातावर चोळून दिलेला हुरडा, सोबत शेंगाचटणी, असा दुपारचा एकच जेवणप्रसंग समजून खाल्ले आणि रात्री फक्त ताक घेतले. परत येताना गाडीत मला दाणे आठवले नाहीत, हे मी मुद्दाम लक्षात ठेवले आहे.

सगळे सुरळीत झाले असे नाही. मार्चअखेरीस ताळेबंद जुळवताना आम्ही रात्री दहा-दहापर्यंत कचेरीत होतो, झोप पाच तासांवर आली, आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते याचा अनुभव टेबलाच्या खणातील फुटाण्यांच्या पुडीने दिला. त्या पंधरवड्यात मी पुड्या मोजल्या नाहीत. एप्रिलमधील तपासणीत एचबीएवनसी ५.९ आले, वजन ७०.४. आहारतज्ज्ञांना आकडे बरे वाटले. मला ते मार्चमुळे थोडे कमी बरे वाटले.

स्टीलच्या डब्यात आता ज्वारीचे पीठ असते. शेंगा गच्चीच्या दाराशी गोणपाटाच्या पिशवीत असतात, म्हणजे तेथवर चालत जावे लागते. काल पाच वाजता मी दोनदा गेले. सासूबाईंनी टरफलांच्या ढिगाकडे एक नजर टाकली, काही बोलल्या नाहीत, आणि रात्री माझ्या ताटात पाऊण भाकरी नेहमीसारखीच वाढली.