मोपा, चिपी की दाबोळी: कोकणात विमानतळावरून गाडी ठरवताना

कोकणात विमानाने यायचं म्हटलं की लोक तिकिटाच्या दरावर आठवडाभर नजर ठेवतात आणि पुढच्या गाडीचं मात्र ‘उतरल्यावर बघू’ म्हणून सोडून देतात. मुंबई-पुण्यात हे खपून जातं. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत आणि सिंधुदुर्गातल्या गावांत फोनवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत दारात गाडी, असा प्रकार नाही. गाडी आवाटातल्या, म्हणजे वाडीतल्या, कुणाची तरी असते, आणि तुम्ही उतरता तेव्हा तो दुसरं भाडं घेऊन पणजीला गेलेला असू शकतो.

पहिला घोळ विमानतळाचाच. गोव्यात आता दोन आहेत. दाबोळी जुना, मोपा नवा. मोपावरून प्रवासी विमानं ५ जानेवारी २०२३ पासून उडू लागली. तिकिटावर दोन्हीकडे ठळक अक्षरांत ‘गोवा’च असतं. कोड बघायचा: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. गाडीवाला चुकीच्या ठिकाणी जाऊन उभा राहिला तर पणजी आणि म्हापशाची गर्दी धरून दीड तास तरी गेलाच. ‘गोवा एअरपोर्टला या’ एवढंच सांगून फोन ठेवू नका. सिंधुदुर्गात यायचं असेल तर मोपाच सोयीचा. तो पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आहे. तिथून सावंतवाडी अर्धा-पाऊण तास, वेंगुर्ला साधारण सव्वा तास, मालवण-तारकर्ली दोन तास धरा.

नकाशावर मालवणला सगळ्यात जवळ सिंधुदुर्गातलाच चिपी विमानतळ. ९ ऑक्टोबर २०२१ ला तो सुरू झाला, पण तिथली विमानसेवा कधी चालू तर कधी बंद असते. चिपीचं तिकीट मिळालं तर जरूर घ्या, फक्त गाडी ठरवतानाच एक प्रश्न विचारून ठेवा: विमान रद्द झालं आणि आम्ही मोपाला उतरलो तर तुम्ही तिकडे याल का, आणि कितीला? हे भाडं आधी ठरलं नसेल तर त्या दिवशी सांगतील तो आकडा द्यावा लागतो.

आता भाडं. मोपा ते मालवण ऐंशीएक किलोमीटर आहे, मग एवढे पैसे कसले, हा प्रश्न प्रत्येक गाडीवाल्याच्या पाठ झाला आहे. उत्तर सरळ आहे. गाडी मालवणहून रिकामी जाते आणि तुम्हाला घेऊन परत येते, म्हणजे धाव १६० किलोमीटरची. किलोमीटरला १६ रुपये धरले तर २,५६० झाले, वर विमानतळाचं पार्किंग. एकेरी सोडलं तरी हिशोब जाऊन-येऊनचाच होतो. त्यात घासाघीस करून शंभर-दोनशे सुटतील, फार नाही.

भाडं खरंच कमी करायचं असेल तर वेगळा प्रश्न विचारायचा: ‘त्या दिवशी मोपाला सोडायला कुणी आहे का?’ होमस्टेमधले दुसरे पाहुणे दुपारच्या विमानाने निघणार असतील तर गाडी तशीही जाणार आहे, येताना तुम्ही बसलात तर त्याची रिकामी फेरी वाचते. हे जुळवून आणणं होमस्टेच्या मालकाला जितकं जमतं तितकं कुठल्याही वेबसाइटला जमत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पहिला फोन मालकाला करा, आणि गाडी शक्यतो त्यांच्याच ओळखीच्या माणसाची घ्या. तो माणूस त्या घराची वाट ओळखतो, हा वरचा फायदा. विमानतळावरच्या काउंटरवर टॅक्सी मिळते, पण मालवणपर्यंतचं भाडं बहुधा गावच्या गाडीपेक्षा जास्त पडतं आणि हद्द ओलांडून जायला प्रत्येक जण खुशीने तयार होतो असंही नाही.

आकडा ठरला की त्यात काय काय धरलंय ते विचारा. पार्किंग, टोल, रात्रीचा जादा दर, थांबण्याचे पैसे. पहिला तास फुकट असेल तर तो तास विमान टेकल्यापासून मोजायचा की छापील वेळेपासून, हेही. विमान टेकल्यावर सामान घेऊन बाहेर यायला अर्धा-पाऊण तास सहज जातो, तेव्हा छापील वेळेपासून मोजणाऱ्याचा ‘फुकट’ तास पट्ट्यावर बॅगची वाट बघतानाच संपतो. तीच गाडी पुढे फिरायलाही ठेवणार असाल तर हिशोब बदलतो. तिथे दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर धरतात आणि ड्रायव्हरचा भत्ता वेगळा लावतात. पोचवण्याचं भाडं आणि दिवसाचं भाडं एका वाक्यात बोलू नका, नंतर दोघांनाही आपलंच खरं वाटतं.

गाडीचा नंबर मागाल तेव्हा पाटीचा रंगही विचारा. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी आणि काळी अक्षरं, इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची घरची गाडी दोन-चारशे रुपयांनी स्वस्त पडते म्हणून घेतात, पण ती भाड्याने चालवणं बेकायदा आहे. मोपाहून येताना राज्याची हद्द ओलांडायची असते. तपासणीत गाडी अडकली तर उन्हात बॅगा घेऊन उभं कोण राहणार? आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

सामानाचं गणित तर बहुतेकांचं चुकतं. ‘आम्ही सहा जण, अर्टिगा पाठवा.’ अर्टिगात ड्रायव्हर सोडून सहा जण बसतात हे खरं, पण तिसरी रांग उघडी ठेवली की मागे उरते २०९ लिटरची जागा. मोठी बॅग साधारण शंभर लिटरची असते. म्हणजे दोन मोठ्या बॅगा, त्याही दामटून. उरलेल्या मांडीवर. सहा जणांचं आठवड्याचं सामान असेल तर टपावर कॅरियर असलेली गाडी मागा, आणि पावसाळा असेल तर ताडपत्री आणि दोरी आहे ना, हेही विचारा. सेडानमध्ये सीएनजीची टाकी असेल तर डिकीतली अर्धीअधिक जागा तिनेच खाल्लेली असते. चौघं आणि चार बॅगा असतील तर सीएनजीची डिझायर नको, पेट्रोलची बघा किंवा सरळ अर्टिगा घेऊन मागची रांग पाडा. शिवाय इकडे सीएनजीचे पंप मोजके आणि रांगा लांब. टाकी आधी भरून ठेवायला सांगा, नाहीतर ती वेळ तुमच्या प्रवासातून जाते. लहान मुलाची सीट गाडीत मिळेल ही आशा नको, हवी तर घरून आणा.

गावांच्या नावांचा घोळ हा खास कोकणी प्रकार. शिरोडा वेंगुर्ला तालुक्यात आहे आणि गोव्यात फोंडा तालुक्यातही आहे. मोपावरून पहिलं उत्तरेला, दुसरं दक्षिणेला. गोव्याच्या ड्रायव्हरला नुसतं ‘शिरोडा’ म्हटलंत तर तो त्याचंच शिरोडा धरणार, त्यात त्याची चूक काय? देवबाग मालवणजवळ आहे तसं कारवारजवळही आहे. केळशी दापोलीत आणि दाबोळीच्या पलीकडे गोव्यातही. मुरूड रायगडातलं वेगळं, हर्णैजवळचं वेगळं. गावाच्या पुढे तालुका लिहायची सवय ठेवा.

आणि नकाशावरची पिन पाठवताना होमस्टेच्या मालकाकडून आलेलीच पिन पुढे पाठवा. बुकिंगच्या साइटवरचा ठिपका पुष्कळदा गावाच्या मध्यावर नाहीतर पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, पडलेला असतो. देवबागचं बघा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी आणि तिच्यातून जाणारा एकच अरुंद रस्ता. समोरून गाडी आली की कुणाला तरी मागे घ्यावं लागतं. सतरा सीटरची टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आत जाणं म्हणजे सुट्टीच्या दिवसांत अर्धा तास अडकण्याची तयारी. अशा ठिकाणी दोन लहान गाड्या बऱ्या. खाडीपलीकडचं भोगवे डोळ्यांना दिसतं, होडीने पटकन जाता येतं, पण रस्त्याने पुलावरून मोठा वळसा आहे. पिन पाण्याच्या चुकीच्या बाजूला पडली तर तो वळसा रात्रीच्या अंधारात पडतो.

शेवटचे शंभर मीटरही विचारून घ्या. कितीतरी घरांना गाडी गडग्यापर्यंतच, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणापर्यंतच, जाते. पुढे पाणंद, एखादा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), जांभ्याच्या पायऱ्या नाहीतर सरळ वाळू. वाळूत चाकांची बॅग ओढता येत नाही, उचलावीच लागते. बरोबर गुडघेदुखीचे आजी-आजोबा असतील तर मालकाला थेट विचारा: गाडी पायरीशी येते का, आणि आली नाही तर सामान घ्यायला कुणी येईल का? लोक आनंदाने माणूस पाठवतात, आधी सांगितलेलं असलं तर.

सगळं बोलून झालं की एक मेसेज टाका, फोनवर ‘हो हो, या तुम्ही’ एवढ्यावर राहू नका. साधारण असा:

‘दादा, १२ तारीख, शुक्रवार. मोपा विमानतळ (दाबोळी नव्हे). विमान दुपारी १.४० ला उतरेल, विमान क्रमांक खाली देते. चार मोठे, एक लहान मूल, तीन मोठ्या बॅगा. सोडायचं ठिकाण देवबाग, तालुका मालवण, पिन सोबत. भाडं ठरलं ते पार्किंग, टोल धरून. विमान उशिरा आलं तरी थांबाल, पहिला तास फुकट, पुढे तासाला ठरलेला दर. गाडी नंबर आणि येणाऱ्या ड्रायव्हरचा फोन आदल्या संध्याकाळी पाठवा.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ज्याच्याशी बोललात तोच येईल असं नसतं, ऐनवेळी भाऊ नाहीतर मित्र येतो. मग नंबर वेगळा, गाडी वेगळी आणि ठरलेल्या पैशांची त्याला कल्पनाच नाही. मेसेज त्याला दाखवता येतो. विमानतळावर बाहेरच्या गाड्यांवरून स्थानिक टॅक्सीवाल्यांशी कुरबूर झाली तरी प्रवाशाचं नाव असलेला बुकिंगचा मेसेज ड्रायव्हरच्या कामी येतो.

आगाऊ रक्कम मागितली तर थोडीच द्या, आणि यूपीआयवर दिसणारं नाव मालकाच्या किंवा ड्रायव्हरच्या नावाशी जुळतं का बघा. पूर्ण भाडं आधी मागणाऱ्याला नमस्कार. उरलेली रक्कम रोख जवळ ठेवा. खाजणाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीच्या) कडेला किंवा घाटात रेंज गेली की यूपीआय नुसतं गोल फिरत राहतं. त्याच कारणासाठी नकाशा विमानात बसायच्या आधी उतरवून ठेवा.

विमान टेकल्यावर लगेच ड्रायव्हरला फोन करा, पण ‘बाहेर आलो’ असं बॅग हातात आल्यावरच सांगा. पिकअपच्या रांगेत गाडी फार वेळ उभी करू देत नाहीत. ड्रायव्हर लांब थांबलेला असतो आणि तुमच्या फोनवर निघतो. आत पट्ट्यापाशी उभं राहून ‘आलोच’ म्हटलंत की त्याला चक्कर मारून परत यावं लागतं आणि पार्किंगची पावती वाढते.

तारखांचं म्हणाल तर ३१ डिसेंबरपेक्षा गणपती कठीण. चतुर्थीला इथला ड्रायव्हर स्वतःच्या घरच्या गणपतीपुढे असतो, दुप्पट पैसे दिले तरी येत नाही आणि येऊही नये. आंगणेवाडीच्या जत्रेला मालवण-मसुरे भागात गाड्यांची रीघ लागते. शिमग्यातही माणूस मिळताना पंचाईत. या दिवसांत यायचं तर महिनाभर आधी शब्द घ्या.

गणपतीपुळ्याला जाणाऱ्यांनी मोपाचा विचार सोडून कोल्हापूरचं विमान बघावं, तिथून आंबा घाटाने रत्नागिरी आणि पुढे आरे-वारेचा किनारा. पावसाळ्यात घाट चालू आहे का ते निघायच्या सकाळी ड्रायव्हरलाच विचारा. दापोलीहून गुहागरकडे जाणार असाल तर दाभोळ-धोपावे फेरीबोट मोठा वळसा वाचवते, पण शेवटची फेरी चुकली की तो वळसा घ्यावाच लागतो. फेरीचे पैसे भाड्यात आहेत का, हे विचारायचं राहून जातं. मुंबईहून अलिबागला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे. गाडीसकट जायचं तर तिची जागा वेगळी बुक करावी लागते, टॅक्सीवाल्याने केलीच असेल असं समजू नका.

परतीचं बोलणं उतरताना तिथल्या तिथे करा, ड्रायव्हर समोर असतो. विमानाच्या वेळेतून दोन तास विमानतळाचे, दोन तास रस्त्याचे आणि अर्धा तास वरचा वजा करा, ती निघायची वेळ. गाडी पहाटेची असेल तर रात्री झोपण्याआधी एक फोन हवाच, आणि गाडी वाडीतच उभी आहे की अजून बाहेर, हे विचारायचं. एक राहिलं: येताना मोपाहून निघून वाटेत ‘दोन बाटल्या घेऊ’ म्हणणारे फार. गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही, इन्सुलीला उत्पादन शुल्कची तपासणी असते, आणि सापडली तर गाडीही जप्त होते. गाडी त्याची, कर्ज त्याचं. ड्रायव्हरने थांबायला नकार दिला तर वाद घालू नका.