माझा अनुभव : बसलेला कोबा लेवलमध्ये आणताना दोनदा केलेलं काम

आमचं घर अमळनेरला, सासऱ्यांनी 1988 साली बांधलेलं. मधल्या खोलीचा लाल कोबा खिडकीकडच्या कोपऱ्यात बसलाय हे घरात सगळ्यांना माहीत होतं, कपाटाच्या दोन पायांखाली लाकडी गुट्टे, पोछा मारला की पाणी त्याच कोपऱ्यात जाऊन थांबायचं, पण सवय झाली होती ना. गेल्या वर्षी फेब्रुवारीत सासूबाईंच्या मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी चार पायांची काठी दिली. ती काठी त्या खोलीत चारही पायांवर कधी टेकायचीच नाही. त्यांनी वजन टाकलं की टक् करून डुलायची आणि त्या घाबरून भिंत धरायच्या. चार दिवस ते बघितलं आणि ठरवलं, ही जमीन सरळ करायचीच.

कोबा उकरून नवीन टाइल बसवायची तर महिनाभर घरात मलबा, त्यात आजारी माणूस. कोब्यावरच मसाला टाकून टाइल लावली तर जमीन दीड-दोन इंच वर येते, दरवाजा खालून कापा आणि दोन खोल्यांच्या मधे नवीन पायरी तयार, ती तर आईंसाठी आणखीच वाईट. म्हणून 5 मिमीचं एसपीसी फ्लोरिंग घ्यायचं ठरलं, म्हणजे दगडाची पूड आणि प्लास्टिकच्या, एकमेकांत लॉक होणाऱ्या पट्ट्या. दुकानदाराने तेव्हाच सांगितलं होतं की 2 मीटरची पट्टी ठेवली तर खाली 3 मिमीपेक्षा जास्त फट नको, नाहीतर चालताना पट्ट्या दबतात आणि लॉक तुटतात.

मग मे महिन्यात आम्ही घाई केली. जो माणूस मिळाला त्याने कोबा झाडला, पाणी शिंपडलं आणि दुपारी दोन वाजता, बाहेर 44 डिग्री, वर पंखा चालू, सिमेंट-रेतीचा पातळ थर ओढून दिला, कुठे 5 मिमी कुठे 10, आणि कोपऱ्यात जाड. संध्याकाळी एकदम गुळगुळीत दिसत होतं. तिसऱ्या दिवशी केसासारख्या भेगा आल्या, आठव्या दिवशी काठी टेकली की बद्द आवाज, आणि पंधरा दिवसांत दाराजवळचा तुकडा पापडासारखा हातात आला. त्याच्या खालची बाजू बघितली तर लाल रंगाची धूळ तशीच चिकटलेली. कोब्याला थर कुठे धरलाच नव्हता.

माझा भाचा सिव्हिल डिप्लोमा झालेला, धुळ्याला साइटवर असतो. तो आला आणि त्याने आधी बोलणं नाही केलं, लेवल पाइप काढला. पारदर्शक नळीत पाणी भरून (बुडबुडा राहू द्यायचा नाही, राहिला तर माप चुकतं) चारही भिंतींवर एकाच उंचीच्या खुणा केल्या, त्या खुणांना दोरी ताणली आणि दर दोन फुटांवर टेपने खाली माप घेत गेला, मी खडूने आकडे कोब्यावर लिहीत गेले. 10 बाय 12 ची खोली, खिडकीचा कोपरा 34 मिमी खाली आणि मधोमध 6 मिमीचा उंचवटा, जो आम्हाला कधी जाणवलाच नव्हता. मला वाटतं कोणीही काम काढण्याआधी हे आकडे खडूने लिहून बघावेत, डोळ्याने जमीन कळत नाही.

त्याने चुका सांगितल्या त्या अशा. जुना कोबा वरून सिमेंट-लाल रंगाने घोटलेला, काचेसारखा, त्याला टाचे (छिन्नीने बारीक खाचा) न मारता काही चिकटणार नाही. झिजलेल्या जागी उलटं, तिथे तो कोरडा आणि तहानलेला, नुसत्या शिंपडण्याने भागत नाही, थरातलं पाणी तोच ओढून घेतो. आणि साधं सिमेंट-रेती इतक्या पातळ थरात, एवढ्या उन्हात, पंख्याखाली, घट्ट व्हायच्या आधीच सुकतं.

पण त्याचा मोठा प्रश्न वेगळाच होता, जमीन बसायची थांबलीय का? त्याच्यासोबत आलेले म्हातारे मिस्त्री, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, त्यांनी कोपऱ्यातल्या भेगेत छिन्नी घालून बघितलं आणि म्हणाले, "ताई, खालनी माटी बठी गयी शे," म्हणजे खालची माती बसली आहे. खाली मुरूम नव्हताच, पाया खोदताना निघालेली काळी मातीच जोत्यात भरलेली, आणि धुमस करून ती नीट ठोकून दाबलेली नाही. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात, तीच घराखाली असली तर काय होणार. आप्पांनी भेगेवर आडव्या दोन काचेच्या पट्ट्या सिमेंटने चिकटवल्या आणि सांगितलं, पावसाळा जाऊ द्या, काच तडकली तर भेग जिवंत आहे.

मला तेव्हा राग आला होता खरं तर, आईंना मी आणखी सहा महिने भिंत धरून चालायला लावणार होते. पण ऑगस्टमध्ये खिडकीखालची काच तडकली! मग कारण शोधलं. त्या खिडकीच्या बाहेरच आमचा धुण्याचा दगड, रोजचं पाणी तिथेच भिंतीच्या बुडाशी मुरत होतं, वर्षानुवर्षं. दगड मागच्या बाजूला हलवला, पाण्याला पाइप टाकून नालीत सोडलं, आणि भिंतीलगत तीन फुटांचा काँक्रीटचा पट्टा केला बाहेर उतार देऊन. सप्टेंबरमध्ये नवीन काच लावली, ती डिसेंबर संपेपर्यंत शाबूत. तेव्हा काम काढलं. हे न करता लेवल केलं असतं तर ते पण वर्षभरात गेलं असतं.

जानेवारीत आधी मे महिन्याचा सगळा थर काढला, छिन्नी-हातोडीने, अर्धा तर नुसता ओढूनच निघाला. उंचवटा ग्राइंडरला डायमंड कप व्हील लावून घासला आणि पूर्ण कोब्यावरची लाल चकाकी पण काढली. याची धूळ फार बारीक असते आणि फुप्फुसाला वाईट, साधा रुमाल चालत नाही, चांगला मास्क लावा आणि आजारी माणसाला घरात ठेवू नका, आईंना आम्ही तीन दिवस नणंदेकडे पारोळ्याला पाठवलं होतं. भेग व्ही आकारात उघडून इपॉक्सीने भरली.

कोपऱ्यातला 34 मिमीचा खड्डा सेल्फ लेव्हलिंगने (पाण्यात कालवून ओतलं की आपोआप पसरून सपाट होणारी सिमेंटची पावडर) भरायचा नव्हता, ते महाग पण पडतं आणि आमच्या बॅगेवर एका थराला 10 मिमीचीच मर्यादा लिहिलेली. तिथे टाचे मारले, धुतलं, सिमेंटमध्ये एसबीआर लॅटेक्स (पकड वाढवणारं रबरी द्रव) कालवून त्याचा हात ब्रशने मारला आणि तो ओला असतानाच वर सिमेंट, रेती आणि बारीक खडीचा माल टाकून पट्टी ओढली. वर गोणपाट, सात दिवस ओलं ठेवलं. नंतर सुकायला तीन आठवडे. दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवायचा, सकाळी खाली दव दिसलं तर ओल आहे. पहिल्यांदा दव होतं, दहा दिवसांनी परत लावला तेव्हा कोरडा.

मग पूर्ण खोली व्हॅक्यूमने साफ आणि प्रायमर. पाण्याचे थेंब टाकून बघितले तर लगेच शोषले जात होते म्हणून दोन हात मारले. दारात लाकडी पट्टी आडवी लावली, भिंतीच्या कडेने फोमची पट्टी.

सेल्फ लेव्हलिंग ओतायचं काम सकाळी साडेआठला सुरू केलं, हवा गार, खिडक्या बंद, पंखा बंद. हिशोब असा की 1 चौरस मीटरला 1 मिमी जाडीसाठी साधारण 1.7 किलो पावडर लागते, आमची खोली 11 चौरस मीटर, सरासरी साडेसहा मिमी, म्हणून 25 किलोच्या 5 बॅगा, जळगावहून मागवलेल्या. बॅगेवर 5 लिटर पाणी लिहिलेलं, ते मोजूनच घातलं, अंदाजे नाही, कारण पाणी जास्त झालं की वर पांढरट कच्ची साय येते आणि ती नंतर सुटते. हातात वेळ फक्त वीसेक मिनिटं, त्यामुळे दोघं मिक्स करायला, एक ओतायला, आणि भाचा काट्याचे बूट घालून काट्याचा रोलर फिरवायला. चौथ्या बॅगेला लाइट गेली! मिक्सर बंद. आप्पांनी फळीने हातानेच घोटलं, थांबले नाहीत, कारण आधीची कड आवळली असती तर सांधा दिसला असता. पाचवी बॅग पण तशीच. दाराजवळ बारीक लाट राहिली, दुसऱ्या दिवशी दगडाने घासून काढली.

दोन दिवसांनी 2 मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी सगळीकडे फिरवली आणि फटीत 3 मिमीचं ड्रिल बिट घालून बघितलं, कुठेच गेलं नाही, खिडकीच्या कोपऱ्यात तर कागदसुद्धा अडकत होता. बॅगेवर सांगितलेले दिवस थांबलो, प्लास्टिकचा चौकोन परत लावून बघितला, आणि मग फ्लोरिंग एका दिवसात झालं, भिंतीकडे 8 मिमी जागा सोडून, ती स्कर्टिंगखाली झाकली गेली.

आई पारोळ्याहून आल्या तेव्हा कोबा नुसता घासलेला होता, आता त्या खिडकीपर्यंत जाऊन येतात आणि काठीचा आवाज येत नाही. कपाटाखालचे गुट्टे मी जपून ठेवलेत, कारण पुढच्या हॉलचा कोबा पण एका बाजूला उतरलाय. तिथल्या भेगेवर काचेच्या दोन पट्ट्या लावून झाल्यात, यंदाचा पावसाळा त्यांच्यावरून जाऊ देणार आहे.