बाईक बंद पडली तर कशावर चढवून नेणार?

पॉलिसीची मुदत संपत आली की आमच्या रायडिंग ग्रुपमधलं कोणी ना कोणी मला दोन-तीन कोटेशनं पाठवतं आणि विचारतं, "ताई, यातली कुठली घेऊ?" प्रीमियमच्या आकड्यांना गोल केलेले असतात आणि तळाला कुठेतरी 'रोडसाइड असिस्टन्स मोफत', म्हणजे गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत, अशी ओळ असते. मी आधी त्या मोफतच्या ओळीमागची कलमं मागवायला सांगते. कारण ही कलमं पुष्कळदा चारचाकी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात आणि तीच मग दुचाकीला चिकटवलेली असतात. अडकतो आपण तिथेच.

याचं मला जास्तच वाईट वाटतं, कारण रस्त्यावरच्या मदतीच्या इतिहासात दुचाकीवाले अगदी सुरुवातीपासून आहेत. जर्मनीतला एडीएसी हा आज युरोपातला सर्वांत मोठा वाहनचालक क्लब. तो १९०३ मध्ये स्टुटगार्टला सुरू झाला तो मोटरसायकलस्वारांची संघटना म्हणून. १९२८ मध्ये त्यांची रस्त्यावरची गस्त सुरू झाली, तेव्हा मेकॅनिक साइडकार लावलेल्या मोटरसायकलींवरून फिरायचे. म्हणजे बंद गाडीपाशी मदत पोचायची तीच मुळी मोटरसायकलवरून.

तुलना करायला बसण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. विमा आणि रोडसाइड असिस्टन्स हे दोन वेगळे करार आहेत, एकाच कंपनीने एकाच कागदावर विकले तरीही. विमा घटनेचे पैसे देतो: पडणं, धडक, चोरी, आग. बाईक नुसती बंद पडली, चेन तुटली, रेग्युलेटर जळून बॅटरी उतरली, तर विमा कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नसतो. ते काम असिस्टन्सचं. आणि पंक्चर? काही करारांत 'यांत्रिक किंवा विद्युत बिघाड' एवढेच शब्द असतात. खिळा यातल्या कशातच बसत नाही. उलट बाजूने, अपघात झाला तर काही असिस्टन्सवाले हात वर करतात की हे विमा कंपनीचं काम, आणि विमा कंपनी म्हणते, तुम्ही गाडी उचलून आणा, बिल ठरावीक मर्यादेपर्यंत नंतर देऊ. रात्री रस्त्याच्या कडेला उभं राहून हे ऐकण्यापेक्षा दोन्हीकडे आधीच विचारून घ्यावं: अपघातानंतर गाडी कोण उचलणार?

आता टोइंग. कार दोन चाकं उचलून ओढत नेता येते. मोटरसायकल अशी न्यायचीच नसते. मागचं चाक फिरत राहिलं की न्यूट्रलमध्येसुद्धा गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट फिरतो. इंजिन बंद, म्हणजे ऑइल पंप बंद, आणि बेअरिंग कोरडी पडायला लागतात. दोरी बांधून दुसऱ्या गाडीने ओढणं तर जिवाशी खेळ. बाईक फ्लॅटबेडवर (सपाट पाठीच्या ट्रकवर) किंवा ट्रेलरवर उभी करूनच न्यायची. तीही साइड स्टँडवर टेकवून नाही: पुढचं चाक अडकणात, पट्टे खालच्या ट्रिपल क्लॅम्पला (दोन्ही फोर्क धरून ठेवणाऱ्या जोडाला) मऊ कापडी लूप घालून, फोर्क थोडे दाबले जातील इतके ताणून. नुसत्या हँडलच्या टोकांना पट्टे बांधले तर हँडल वाकतं, फेअरिंग (बाईकचं बाहेरचं प्लास्टिकचं आवरण) घासतं.

एकदा आमच्यातल्या एकाची बाईक घाटात बंद पडली. फ्लॅटबेड आला, वेळेवर आला. पण त्यावर ना चाकाचं अडकण, ना मऊ लूप. कारच्या चाकांना लावायचे रुंद पट्टे होते. ड्रायव्हर सरळ माणूस होता. तो म्हणाला, "मॅडम, मला गाडी म्हणून सांगितलं, टू-व्हीलर म्हणून नाही." शेवटी माझ्या पॅनिअरमधले (बाईकच्या बाजूला लावलेल्या सामानाच्या पेटीतले) पट्टे वापरून आम्ही सगळ्यांनी मिळून बाईक बांधली. मग पुढचा प्रश्न उभा राहिला. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी एकाच माणसाची जागा, आणि बंद बाईकवर होती नवरा-बायको. कार बंद पडली तर निदान आत बसून वाट बघता येते. आपण पावसात हेल्मेट घालून उभे असतो. म्हणून मी करारात सगळ्यांत आधी हेच शोधते: बाईक नेल्यावर माणसांचं काय, मागे बसणारा धरलाय का, आणि सामानाचं काय.

अंतराचं कलमही नीट वाचा. 'जवळच्या गॅरेजपर्यंत' आणि 'तुमच्या पसंतीच्या गॅरेजपर्यंत' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जवळच्या गॅरेजमध्ये तुमच्या बाईकला हात लावणारं कोणी नसेल, तर तिथून पुढचं टोइंग बहुतेकदा तुमच्या खिशातून. किलोमीटरची मर्यादा एका बाजूची आहे की ट्रकच्या जाण्यायेण्यासकट, हेही विचारा. घराच्या दारात गाडी सुरू झाली नाही तर येतात का? पुष्कळ योजना घरापासून ठरावीक अंतराच्या आत येतच नाहीत, आणि बॅटरी नेमकी सकाळी घरीच दगा देते.

पंक्चरबाबत आधी आपली चाकं बघायची. ट्यूबलेस टायर असेल तर प्लग मारून हवा भरली की बहुतेक वेळा काम भागतं, ते तुम्ही स्वतः करू शकता. स्पोकचं चाक आणि आत ट्यूब असेल तर चाक काढावं लागतं, आणि त्यासाठी तुमच्या ॲक्सलचा योग्य मापाचा पाना आलेल्या माणसाकडे असेलच असं नाही. कारवाला स्टेपनी काढतो. आपल्याकडे स्टेपनी नसते. त्यामुळे स्पोकवाल्यांनी 'पंक्चर दुरुस्ती' या शब्दांवर विसंबू नये. दुरुस्ती जमली नाही तर गाडी उचलणार का, ते महत्त्वाचं. इमोबिलायझरची, म्हणजे आतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होणारी किल्ली हरवली तर तसंच. कुलूपवाला आला तरी इंजिन सुरू होत नाही, त्यामुळे तिथेही टोइंगच हवं. इलेक्ट्रिक बाईकवाल्यांनी चार्ज संपणं हा बिघाड मानतात का, एवढं आवर्जून पाहावं.

ट्रकवरून नेताना बाईक पडली तर? हा प्रश्न विचारला की फोनवर पलीकडचा माणूस क्षणभर थांबतो. वाहतुकीतल्या नुकसानीची जबाबदारी टोइंगवाल्याची, असिस्टन्स कंपनीची, की तुमच्या स्वतःच्या विम्याची? उत्तर लेखी घ्या.

विम्याच्या बाजूला मी थोडक्यात येते, कारण त्यावर सगळेच बोलतात. थर्ड पार्टी विमा समोरच्यासाठी असतो. ब्रिटनने १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने तो सक्तीचा केला, तेव्हाही हेतू हाच होता की गाडीने ज्याचं नुकसान केलं त्याला भरपाई मिळावी. तुमची बाईक आणि तुमचं हाड त्यात येत नाही. त्यासाठी ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर) वेगळं आणि चालकाचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा. मागे बसणाऱ्याचं काय, हे देशोदेशीच्या कायद्यानुसार बदलतं, म्हणून स्पष्ट विचारायचं.

बाईक उभ्या उभ्या नुसती आडवी झाली तरी इंडिकेटर, लिव्हर, फूटपेग आणि प्लास्टिक जातं. घसारा कापून पैसे मिळणार असतील तर सगळ्यांत मोठी कात्री याच प्लास्टिकला लागते, म्हणून फेअरिंगवाल्या बाईकला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, मी महाग समजत नाही. क्रॅश गार्ड, पॅनिअर, जादा दिवे पॉलिसीत नोंदवलेले नसतील तर ते भरपाईत धरलेच जात नाहीत. हेल्मेट आणि जॅकेटसाठी बहुधा वेगळं कव्हर लागतं.

डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममधला आपण स्वतः भरायचा हिस्सा, वाढवून प्रीमियम कमी करताना एक भागाकार करा. समजा डिडक्टिबल ६,००० ने वाढलं आणि वर्षाला १,००० वाचले. म्हणजे सहा वर्षं क्लेम आला नाही तर तुम्ही बरोबरीत. तोवर बाईक ठेवणार आहात का? बारीक क्लेम करतानाही असाच हिशेब: डिडक्टिबल, अधिक पुढच्या वर्षांत बुडणारा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट). दुरुस्तीचं बिल या बेरजेपेक्षा कमी असेल तर खिशातून भरणं परवडतं. असिस्टन्सला बोलावल्याने मात्र सहसा बोनस जात नाही. ते भीतीपोटी न वापरणारे लोक मी पाहिलेत, आणि मला खरंच हळहळ वाटते.

मग असिस्टन्स घ्यावं कुठून? पॉलिसीवरचं ॲड-ऑन स्वस्त पडतं, पण ते त्या एका बाईकला बांधलेलं असतं आणि पॉलिसीबरोबरच संपतं. बाईक बनवणाऱ्या कंपनीच्या योजनेत निदान दुचाकी हीच दुचाकी म्हणून धरलेली असते, आणि बाईक अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाते. वॉरंटीतल्या बाईकला मी हेच सुचवते. क्लबचं सदस्यत्व माणसाच्या नावावर असेल तर भाड्याने घेतलेल्या बाईकवरही चालू शकतं, पण त्यात मोटरसायकल धरलीय का ते बघावं लागतं. काही सदस्यत्वांत ती वरच्या दर्जाचे पैसे भरल्यावरच मिळते. घरात दोन-तीन बाईक असतील तर माझं मत सदस्यत्वाच्या बाजूने. दोन योजना एकमेकींवर चढवून घेण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा ते पैसे पट्टे, मऊ लूप आणि प्लग किटवर घाला.

आणि पैसे भरण्याआधी हेल्पलाइनला एक फोन करा. विक्रीच्या नंबरवर नाही, बिघाड झाल्यावर जो लावायचा असतो त्यावर, रात्रीच्या वेळी. फोन उचलायला किती वेळ लागतो बघा, आणि विचारा, "माझी मोटरसायकल आहे, मागे एक माणूस आहे, चेन तुटलीय, काय पाठवाल?" मी पाठवलेल्या प्रत्येकाला हे करायला लावते. ज्याने उलट विचारलं, "बाईक कुठली, वजन किती, चाकं फिरताहेत का?" त्याच्याकडून घ्या.