पाठमोरी माणसं
परवा दुपारी टॅक्सीत बसले, दार ओढून घेतलं, तर ड्रायव्हरने आरशात एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हात वर करून आरसाच वळवला. इतका, की त्याला मी दिसेना आणि मला तो. पुढचा पाऊण तास माझ्यासमोर एक मान, दोन कान आणि कॉलरचा उसवलेला धागा. तसं काही नाही, पण लागलं मनाला. एवढी काय वाईट दिसते मी?

त्यात मला टॅक्सीत बोलायची खोड. ड्रायव्हरच्या बरोब्बर मागे मी कधी बसत नाही, तिरकी बसते, म्हणजे आरशात डोळे सापडतात. भुवयांपासून नाकाच्या मध्यापर्यंतची एक पट्टी, बस्स. त्या पट्टीशी मी घरातल्या भांडणांपासून गुडघेदुखीपर्यंत वाट्टेल ते बोललेय. खाली उतरल्यावर तोच माणूस समोर येऊन उभा राहिला तरी ओळखणार नाही मी. त्याला मिश्या होत्या की नव्हत्या, हेही सांगता यायचं नाही.

मानेकडे बघता बघता मला अमेरिकन दिग्दर्शक जिम जार्मुशचा 'नाइट ऑन अर्थ' आठवला. १९९१ चा सिनेमा. पाच शहरं, पाच टॅक्स्या आणि भिंतीवर टांगलेली पाच घड्याळं. लॉस एंजेलिसला संध्याकाळचे ७ वाजून ७ मिनिटं झालेली असतात तेव्हा हेलसिंकीत पहाटेचे ५ वाजून ७. मधे न्यूयॉर्क, पॅरिस, रोम. वर गायक टॉम वेट्सचा तो घशात खडी भरल्यासारखा आवाज. गोष्टी म्हणाल तर फारशा नाहीतच. कुणी बसतं, बोलतं, उतरतं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी अर्ध्यात पेंगले होते, खोटं कशाला बोलू. टॅक्सीवाली झालेली विनोना रायडर टेलिफोन डिरेक्टरीवर बसून गाडी हाकते आणि सिनेमात काम चालून आलं तरी 'मला मेकॅनिकच व्हायचंय' म्हणते, तिथपर्यंत जागी होते. न्यूयॉर्कात डोळा लागला.

पुढे कधीतरी नीट पाहिला, तर न्यूयॉर्कचीच गोष्ट सगळ्यात लाडकी झाली. हेल्मुट म्हणून एक म्हातारासा ड्रायव्हर. पूर्व जर्मनीतून आलेला, तिकडे सर्कशीत विदूषक होता. ऑटोमॅटिक गाडी त्याने कधी चालवलेली नाही, त्यामुळे एक पाय या पेडलवर, दुसरा त्या पेडलवर, आणि गाडी उचकी लागल्यासारखी गचके खात चाललीय. शेवटी ते बघवेना म्हणून गिऱ्हाईकच त्याला बाजूला सरकवून स्वतः चालवायला बसतं. या गिऱ्हाइकाचं नाव यो-यो. हेल्मुट त्याच्या नावाला हसतो, तो हेल्मुटच्या. खरी गंमत मला फार उशिरा कळली. हे दोघं शेजारी शेजारी बसलेत. मान वळवली की अख्खा माणूस दिसतो, हनुवटीसकट. हसतील नाही तर काय करतील?

रोममध्ये नेमकं उलटं. ड्रायव्हर झालेला रॉबेर्तो बेनिन्यी रात्रीच्या वेळी काळा चष्मा लावून रिकाम्या गल्ल्यांतून गाडी पळवतोय आणि मागे बसलाय एक धर्मगुरू. चर्चमध्ये पापं कबूल करायच्या खोपटात मधे जाळी असते, इथे तर अख्खी पाठच मधे. मग काय, हा सुटतो. आधी भोपळा, मग मेंढी, मग सख्खी वहिनी. (भोपळ्याचं काय, ते मी इथे सांगणार नाही.) आणि तो इकडे रंगात आलेला असताना मागे त्या बिचाऱ्याची छाती दुखतेय, गोळ्या हातातून निसटताहेत, आणि होता होता तो मरूनही जातो. याला पत्ताच नाही! चांगला हातभर आरसा समोर आहे. पण माणूस स्वतःबद्दल बोलायला लागला की आरशात तरी दुसरं कोण दिसणार. मी हसून हसून बेजार झाले होते, आणि नंतर बराच वेळ मला माझे सगळे ड्रायव्हर आठवत होते. गुडघेदुखी ऐकून घेतलेले.

या सगळ्यात कॅमेरा बराच वेळ गाडीच्या नाकावर बसून काचेतून आत बघत असतो. पुढे एक चेहरा, मागे एक चेहरा, दोन्ही एकदम. गाडीत बसलेल्यांपैकी कुणाच्याच वाट्याला हे दृश्य येत नाही.

माझ्या एकदा आलं होतं. मी सात-आठ वर्षांची असेन. कुठल्याशा लग्नाहून रात्री उशिरा परत येत होतो. आई, बाबा आणि झोपलेली ताई मागे, मी पुढे ड्रायव्हरकाकांच्या शेजारी. बाहेर मिट्ट काळोख आणि काकांनी काहीतरी शोधायला आतला दिवा लावला, तशी पुढची काच एकदम आरसा झाली. त्यात मागचे सगळे. बाबांनी खिशातून पैसे काढून मांडीवर ठेवले होते आणि ते मोजत होते. ओठ हलत होते. मोजून झाले की मीटरकडे बघायचे आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. आईने पर्स उघडून त्यांच्या हातात काहीतरी ठेवलं. मला वाटलं, हा काहीतरी खेळ चाललाय.

काकांनाही काचेत दिसलं असणार. दिवा बंद करून ते म्हणाले, "मीटर बंद केलाय साहेब. बसा निवांत, सोडतो घरापर्यंत."

"नको नको," बाबा म्हणाले, "इथेच थांबवा. जरा पाय मोकळे करू."

मग ताईला खांद्यावर टाकून बाबा पुढे, सँडल हातात घेतलेली आई मागे, तिच्या मागे मी. घर काही केल्या येईना. 'आपण का चालतोय' असं मी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा आई म्हणाली, "हवा छान आहे म्हणून."

पॅरिसच्या गोष्टीत एक आंधळी बाई आहे. उतरताना ड्रायव्हर तिला मीटरपेक्षा कमी पैसे सांगतो, तर ती त्याला फाडून खाते. तिला दया नकोय, पुरते पैसे घे म्हणते. सिनेमागृहात त्या जागेवर लोक हसले. मीही हसायला तोंड उघडलं होतं.

असो. परवाच्या टॅक्सीतून उतरताना म्हटलं, निदान पुढे जाऊन या गृहस्थांचं तोंड तरी बघावं. वळसा घालून खिडकीशी गेले, तर ते पलीकडे वळून मागून येणाऱ्या गाड्या बघत होते. पुन्हा मानच. गाडी गेलीसुद्धा. ऊन येत असेल हो डोळ्यांवर, म्हणून वळवला असेल आरसा.