चपला काढल्या की मी संपते

गेलं वर्ष-दीड वर्ष माझं ठरलेलं होतं. डोंबिवलीला उतरायचं, पूर्वेला भाजी घ्यायची, रिक्षाच्या लायनीत उभं राहायचं, घरी येऊन चपला काढायच्या आणि संपलं. म्हणजे तिथपर्यंत मी ठीक असायचे हां, लायनीत मधे घुसणाऱ्याशी भांडण्याइतकी ठीक, पण चपला काढल्या की अंगातलं सगळं त्राण त्यांच्याबरोबर रॅकमध्ये जायचं. पाच मिनिटं टेकते म्हणायचं आणि पाऊण तास पर्स मांडीवर घेऊन, ओढणीची पिन पण न काढता सोफ्यावर बसून राहायचं. धड झोप नाही, धड जाग नाही. मुलगा काहीतरी विचारायचा, मी हं म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी कळायचं की मी शाळेच्या पिकनिकला ८०० रुपये कबूल केलेत.

एकदा तर डाळीचा कुकर लावला आणि तीन शिट्ट्या झाल्या की बंद करू म्हणून किचनच्या दारातच खुर्ची घेऊन बसले. पहिली शिट्टी ऐकल्याचं आठवतंय. त्यानंतर थेट सासूबाईंचा आवाज, "अगं जळतंय काय?" झाकण उघडलं तर तळाला तूरडाळीचा काळा कोळसा. दोन दिवस भिजत घालून घासला तो कुकर, डाग अजून आहे. सासूबाई ३१ वर्षं शाळेत शिक्षिका होत्या, त्यामुळे पुढचं वाक्य मला पाठ होतं, "आम्ही पण नोकऱ्या केल्या हो, नळावरून पाणी भरून."

सगळ्यांचं उत्तर एकच, ट्रेन. माझं ऑफिस फोर्टला, सीएसएमटी ते डोंबिवली साधारण ४८ किलोमीटर, फास्ट लोकलने तासभर, त्यातही ठाण्यापर्यंत उभं आणि मग नशीब असेल तर चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला टेकायला मिळणारी जागा. पण आमच्या ग्रुपमधली एक जण पुढे बदलापूरपर्यंत जाते, ती उभ्या उभ्या गवार मोडून पिशवीत टाकते, वर घरी जाऊन दोन भाज्या करते. तिच्याकडे बघून मला वाटायचं की ट्रेन वगैरे काही नाही, मीच आळशी. खरं सांगते, थकव्यापेक्षा या लाजेनेच मी जास्त दमायचे.

मग माझा उपाय काय, तर चहा. चार वाजता ऑफिसमध्ये एक, निघताना टपरीवर एक, आणि घरी सोफ्यावरून उठण्यासाठी साडेसातला मोठा कप, आल्याचा, कडक. याने उठायचे मी, नाही असं नाही. पण रात्री साडेबाराला आढ्याकडे बघत पडलेली असायचे आणि सकाळी साडेपाचला अलार्म. झोप आणणारं एक रसायन मेंदूत दिवसभर साठत असतं, कॅफिन फक्त त्याची जागा अडवून बसतं, साठलेलं काही कमी करत नाही. आणि प्यायलेल्यातलं निम्मं कॅफिन अंगातून जायलाच पाचेक तास लागतात. म्हणजे साडेसातच्या चहातलं निम्मं साडेबाराला माझ्यासोबत जागं.

एवढं कळल्यावर मी रात्रीचा चहा बंद केला आणि शहाण्यासारखी वाट बघत बसले की आता बरं वाटेल. नाही वाटलं. झोप जरा सुधारली, चपलांचं तेच.

एका डॉक्टरांकडे गेले होते, त्यांनी बीपी बघितलं, स्ट्रेस आहे म्हणाले, योगा करा, मल्टिव्हिटॅमिन घ्या. तीन मिनिटांत बाहेर. नंतर नणंदेच्या आग्रहाने दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले, त्यांनी भलतेच प्रश्न विचारले. स्टेशनचा जिना चढताना धाप लागते का? लागते. पाळीत किती दिवस जातं? सहा-सात, पहिले दोन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलायला लागतं, पण ते सगळ्यांनाच असतं ना? यावर त्या काहीच बोलल्या नाहीत, लिहिलं फक्त. आणि मग, बर्फ खाता का?

मी गप्प. कारण दुपारी चारच्या सुमारास ऑफिसच्या फ्रिजमधला बर्फाचा ट्रे मी एकटी संपवायचे, कुडुम कुडुम चावून, त्यावरून माझी चेष्टा व्हायची, शिपाईकाका तर माझ्यासाठी मुद्दाम ट्रे भरून ठेवायचे. हे कुठल्या आजाराचं लक्षण असेल हे स्वप्नातही आलं नव्हतं. अंगातलं लोह कमी झालं की काही जणांना अशी बर्फाची हाव सुटते म्हणे.

रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन १०.४ आणि फेरिटिन ७. बाईसाठी हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे अॅनिमिया, आणि फेरिटिन म्हणजे लोहाची शिल्लक. मी अकाउंट्समधली, त्यामुळे मला हे फटकन कळलं, रोजचा खर्च कसाबसा चालू होता आणि एफडी कधीच मोडून खाल्ली होती. थायरॉइड आणि बी-१२ ठीक निघालं. सरकारच्याच २०१९-२१ च्या आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका अॅनिमिक निघाल्यात. म्हणजे आमच्या लेडीज डब्यात निम्म्याहून जास्त जणी असणार, आणि आपण एकमेकींना सांगतोय की ट्रेनने दमायला होतं गं.

गंमत पुढे आहे. जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा घेतला तर जेवणातलं लोह नीट शोषलंच जात नाही. आणि माझा नेम काय, तर डबा खाल्ला की लगेच कटिंग. म्हणजे दुपारी चहा पिऊन लोह घालवायचं आणि त्याने आलेला थकवा संध्याकाळी चहाने उडवायचा. दोन्ही टोकांना तोच कप!

गोळ्या सुरू झाल्या, एक दिवस आड, लिंबूपाण्याबरोबर. पोटाचं तंत्र बिघडतं, त्यावर जास्त लिहीत नाही, ज्यांनी घेतल्यात त्यांना माहितीये. पाळीसाठी सोनोग्राफी वगैरे वेगळं झालं. तिसऱ्या आठवड्यात पहिली गेली ती बर्फाची इच्छा, अगदी गुपचूप, काकांनीच विचारलं मॅडम ट्रे भरू का नको. जिन्यावरची धाप जायला दोन महिने लागले. हिमोग्लोबिन वर आलं तरी गोळ्या अजून तीन महिने चालू ठेवायच्यात, शिल्लक भरायला.

आता सगळं छान झालं का? छे. संध्याकाळी दमतेच मी. पण आता त्या दमण्यात काय काय आहे ते वेगळं काढता येतं. काही दिवशी ती नुसती भूक असते, कारण एकला डबा खाल्ला की नऊला जेवण, मधे दोन मारी बिस्किटं. म्हणून पर्समध्ये चणे-गूळ असतात, ठाणा गेलं की खाते. अकरा आणि वीस तारखेच्या आसपास मात्र डोकं दमतं, जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची रिटर्न्स भरायचे दिवस, क्लायंट शेवटच्या क्षणी बिलं पाठवतात, तेव्हा अंग ठीक असतं पण भेंडी करू की गवार एवढं सुद्धा ठरवता येत नाही. त्यासाठी कुठली गोळी नाही. त्या दिवशी नवरा खिचडी लावतो. त्याची खिचडी गिचका होते, पण मी तोंडातून शब्द काढत नाही.

आणि सोफा बंद. घरी आले की हातपाय धुऊन, कपडे बदलून, बेडरूममध्ये चटईवर आडवी, फोन बाहेर मुलाकडे, वीस मिनिटांनी त्यानेच उठवायचं. वीसची चाळीस झाली की उठल्यावर डोकं जड होतं, हे दोनदा करून पाहिलंय. पहिल्या आठवड्यात दिवेलागणीला आडवं पडते म्हणून घरात जरा कुजबूज झाली. सासूबाई स्पष्टच म्हणाल्या, लक्ष्मी यायची वेळ असते. मी म्हटलं, येऊ दे ना, तिला पण बसायला जागा देऊ.

यावर त्या हसल्या नाहीत. पण परवा माझी गोळी घेऊन झाली, मी पाकीट डब्यात ठेवत होते, तर मागून हळूच म्हणाल्या, "ती रक्ताची टेस्ट उपाशीपोटी करायची असते का गं? मला पण हल्ली जिना चढवत नाही."